तिळ्यांच्या घरातली रातपाळी

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हापासून हे गाव पाळ्यांवर चालतं. घरात तिळी आली, की मात्र कारखान्यातली रातपाळी परवडली म्हणायची वेळ येते.

हिशेबच पाहा. तान्ह्याला दिवसाला ८ ते १२ वेळा दूध लागतं. तिघांचं मिळून किमान २४ वेळा. त्यात तिळी बहुधा महिना-दोन महिने आधीच, पावणेदोन किलोच्या आसपास जन्मतात. ओढायची ताकद कमी, म्हणून काढलेलं दूध वाटी-चमच्यानं पाजायचं. एकाचा ढेकर काढेपर्यंत दुसऱ्याचं दुपटं ओलं, तिसऱ्याला उचकी!

मग वही येते: कोण, कधी, किती प्यायलं. पायांत वेगवेगळ्या रंगांचे मोजे, कारण औषधाचे थेंब एकालाच दोनदा जाण्याची भीती खरी असते. उघड्या छातीशी बाळ धरायची कांगारू पद्धत १९७० च्या दशकाअखेरीस कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली. तिच्यामुळे बाबा आणि आजीही कामाला लागतात. त्या उबेत बाळ शांत झोपलं, की सगळा शीण उतरतो. निदान दुसरं रडेपर्यंत.

रजेचं गणित मात्र वेगळंच. प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या बाळंतपणाला २६ आठवडे मिळतात, बाळ एक असो वा तीन.