हिरवी माशी : वैरी की राखणदार?

निफाडकडचा द्राक्षमळा असो, नाहीतर दिंडोरीकडचा टमाट्याचा वाफा असो. पावसाळ्यात सकाळी पानांकडे नीट पाहा. पानावर एखादी बारीक, चमचमती माशी बसलेली दिसेल. "आली कीड, काढा पंप!" असे आपण चटकन म्हणतो. पण मंडळी, जरा थांबा. आधी तिची ओळख करून घ्या.

ही लांब पायांची माशी. शास्त्रात हिच्या कुळाला डोलिकोपोडिडी म्हणतात. त्याचा अर्थही लांब पायांची, असाच. या कुळात जगभर 7,000 हून जास्त जाती आहेत. नेमकी जात ठरवायला सूक्ष्मदर्शक लागतो. पण कूळ ओळखायला आपले डोळे पुरेत.

खुणा अशा :

1. आकार तांदळाच्या दाण्याएवढा, किंवा त्याहून लहान.
2. रंग हिरवा, निळा किंवा तांबूस. घासलेल्या भांड्यासारखी चकाकी.
3. पाय बारीक व लांब. अंग उचलून, डोके वर करून बसते.
4. पंख दोनच. काही जातींच्या पंखांवर काळसर पट्टे असतात.

उकिरड्यावर आणि मांसावर बसते ती हिरवी माशी निराळी. ती जाडजूड, केसाळ असते, घोंघावते आणि रोगजंतू पसरवते. फळमाशीही निराळी. ती पिवळसर-तपकिरी असते. फळाला टोचून आत अंडी घालते.

आपली लांब पायांची माशी पान खात नाही, रस शोषत नाही. माणसाला, गुराला चावत नाही. मग ती खाते काय? मावा, फुलकिडे, कोळी असली बारीक कीड! तिच्या बहुतेक जातींच्या अळ्या ओल्या मातीत, कुजक्या पालापाचोळ्यात राहतात. त्याही बारीक किडेच खातात.

औषधाला आपला-परका कळत नाही. उगाच फवारले, तर किडीबरोबर राखणदारही मरतो. मागे उरलेला मावा मग भराभर वाढतो. पुन्हा फवारा, पुन्हा खर्च!

ही माशी एकटी सगळी कीड हटवील, असे मात्र नाही. म्हणून पाने उलटून पाहा. कीड कोणती, किती, ते मोजा. शेतकी खात्याच्या माणसाला विचारा. गरज असेल तरच औषध मारा. नुसती माशी दिसली म्हणून पंप उचलू नका.