मंगळावरील मातीची परीक्षा

नवें रान घेण्यापूर्वीं श्रीगोंदें तालुक्यांतील जाणता शेतकरी तें एकदां पायाखालीं घालतो, ढेकूळ हातांत घेऊन फोडतो, उन्हाळ्यांत पडलेल्या भेगा पाहतो आणि विहिरीच्या पाण्याची चव घेतो. भीमा व घोड या नद्यांच्या कांठची खोल काळी, उतारावरची मध्यम जमीन आणि माळावरचा मुरूम यांतील फरक त्यास कोणी शिकवावा लागत नाहीं. तरीहि तो मातीची पुडी प्रयोगशाळेंत पाठवितो. कारण कालव्याच्या पाण्यानें जमीन चोपण होऊं लागली असेल, तर तें डोळ्यांस दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. हीच परीक्षा गेलीं पन्नासएक वर्षें मंगळ ग्रहावर चालली आहे, आणि तींत झालेली एक चूक व तिची दुरुस्ती शेतकऱ्यानें अवश्य ऐकावी अशी आहे.

२००८ सालच्या मे महिन्याच्या २५ तारखेस अमेरिकेच्या नासा या संस्थेचें फिनिक्स नांवाचें यान मंगळाच्या उत्तर ध्रुवाकडील सपाट प्रदेशांत उतरलें. त्यास चाकें नव्हतीं. एक यांत्रिक हात होता. त्या हातानें चर खणून माती उचलली व भट्टीच्या चाळणीवर टाकली, तों ती खालीं पडेना. ढेकळें धरून ती चाळणीवरच बसली, आणि चाळणी हलवितां हलवितां कित्येक दिवस गेले. इतक्या दूरच्या मातीनेंहि आपल्या चिकणमातीसारखा हट्ट धरावा याची गंमत वाटते. पुढें दुसऱ्या उपकरणांत सुमारें एक घन सेंटिमीटर माती पंचवीस घन सेंटिमीटर पाण्यांत कालविली. आपल्याकडे सामू काढतांना एक भाग मातीस अडीच भाग पाणी घेतात. पद्धत मूलतः तीच. उत्तर आलें तें असें: सामू सुमारें ७.७, म्हणजे किंचित् विम्ल. मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम व क्लोराइड हे सर्व हजर. शिवाय चुनखडीचा अंश. एवढाच कागद एखाद्या बागाइतदाराच्या हातीं पडता, तर त्यानें लिंबाची बाग लावण्याचा विचार खचित केला असता.

पण त्याच कागदांत कोणाच्या ध्यानींमनीं नसलेलें एक नांव निघालें. परक्लोरेट नांवाचा क्षार त्या मातींत शेंकडा सुमारें अर्धा या प्रमाणांत होता. पृथ्वीवर हा क्षार क्वचित् आढळतो. चिली देशांतील अटाकामाच्या कोरड्या वाळवंटांत तो सोऱ्याबरोबर सांपडतो. तिकडील सोरा खत म्हणून घातल्यावर युरोपांत राय धान्याचें पीक बिघडूं लागलें, तेव्हां त्याचें कारण हा क्षार असल्याचें १८९६ सालीं उघड झालें. म्हणजे शेतकीच्या शास्त्रास तो अनोळखी नव्हता. ग्रहांच्या शास्त्रानें मात्र त्याचा हिशेब धरला नव्हता.

हिशेब न धरल्याचें फळ बत्तीस वर्षें आधींच मिळून चुकलें होतें. १९७६ सालीं व्हायकिंग नांवाचीं दोन यानें मंगळावर उतरलीं. त्यांच्या एका प्रयोगांत मातीवर किरणोत्सर्गी कर्ब असलेला पोषक द्रव टाकतांच वायु निघूं लागला. तीच माती १६० अंशांपर्यंत तापवून प्रयोग पुन्हां केला, तेव्हां वायु निघेना. मातींत जिवंत जंतु असते तर असेंच घडलें असतें. परंतु दुसऱ्या यंत्रांत माती ५०० अंशांपर्यंत तापवून सेंद्रिय द्रव्याचा शोध केला, तो क्लोरीनयुक्त दोन पदार्थांचा लेश मिळाला, इतकेंच. ते पदार्थ यंत्र धुण्याच्या द्रवांतून पृथ्वीवरूनच गेले असावेत असें ठरलें. उकिरड्याच्या जागेवरून घेतलेला नमुना आपण जसा बाद करितों, तसेंच हें झालें. सेंद्रिय द्रव्य नाहीं, तर जीव कोठून, असा बहुतेकांनीं निकाल दिला.

परक्लोरेट सांपडल्यावर हा निकाल पुन्हां उघडावा लागला. तापविलें असतां हा क्षार प्राणवायु सोडतो व जवळचें सेंद्रिय द्रव्य जाळून टाकतो. २०१० सालीं अटाकामाच्या मातींत तो मिसळून ती तापविली, तेव्हां व्हायकिंगला मिळालेले तेच दोन पदार्थ निघाले. कडब्याची गंज अंधारांत मोजावयास पेटतें कोलीत घेऊन जावें, तसा हा प्रकार. यावरून मंगळावर जीव होते असें मात्र सिद्ध होत नाहीं. वायूचा उगम जंतूंत नसून मातींतील तीव्र क्षारांत असावा, हेंच मत आजहि बहुतेकांस मान्य आहे.

म्हणून पुढील मोहिमांनीं प्रश्नच बदलला, आणि माझ्या मतें तो शहाणपणानें बदलला. जीव आहे काय, हें विचारण्याआधीं ही जागा जीव राहण्याजोगी होती काय, हें विचारावें. क्युरिऑसिटी ही चाकांची गाडी ६ ऑगस्ट २०१२ रोजीं गेल नांवाच्या १५४ किलोमीटर रुंदीच्या विवरांत उतरली, आणि २०१३ च्या फेब्रुवारींत तिनें गाळाच्या खडकास पहिलें भोंक पाडलें. खडक वरून तांबूस. आंतून निघालेली भुकटी मात्र करडी. तींत सुमारें पांचवा हिस्सा स्मेक्टाइट जातीची चिकणमाती होती. आपली काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते व पावसानें फुगते ती याच कुळांतील खनिजामुळें. पोटजात तेवढी वेगळी. अशी माती पाण्यावांचून होत नाहीं. तेथील पाणी फार आंबट किंवा फार खारट नव्हतें असेंहि खनिजांवरून कळलें. खडकाच्या फटींत जिप्समच्या जातीचे पांढरे पट्टे होते. चोपण सुधारण्यास आपण टाकतों तेंच द्रव्य. शिवाय कर्ब, नत्र, गंधक व स्फुरद हीं जीवनास लागणारीं द्रव्येंहि त्या भुकटींत मिळालीं. अब्जावधि वर्षांपूर्वीं तेथें गोड्या पाण्याचें तळें होतें, असा त्याचा अर्थ.

या परीक्षेंत आपला महाराष्ट्रहि साक्षीदार आहे. मंगळाचा पुष्कळसा पृष्ठभाग बसाल्ट खडकाचा, म्हणजे आपल्या विहिरी ज्या काळ्या पाषाणांतून खोदतों त्याच्याच जातीचा आहे. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार येथें याच पाषाणावर उल्का आदळून सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें विवर झालें. तें ज्वालामुखीचें नसून उल्कापाताचें आहे, याचा भक्कम पुरावा १९७३ सालीं प्रसिद्ध झाला. बसाल्टमध्यें झालेलीं व इतकीं टिकलेलीं विवरें पृथ्वीवर फार थोडीं असल्यामुळें मंगळाचे अभ्यासक लोणारचे दगड तपासतात. २००३ सालीं हॅगर्टी व न्यूसम या दोन शास्त्रज्ञांनीं विवराच्या तळाखालून वेधन करून काढलेले खडक पाहून दाखविलें कीं, आघाताच्या उष्णतेनें तापलेल्या पाण्यानें तेथें चिकणमातीचीं खनिजें तयार झालीं. लोणारच्या तळ्याचा सामू १० च्या आसपास असतो. त्यांत ऊस तर राहोच, लव्हाळाहि तग धरणार नाहीं. तरी त्या पाण्यांत सूक्ष्म जीव विपुल आहेत, आणि २०२० सालच्या जून महिन्यांत तें गुलाबी झालें, तें क्षारप्रिय जंतूंमुळें असें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें सांगितलें. तेव्हां आपल्या पिकास नकोशी जमीन म्हणजे जीवासच नकोशी, हा हिशेब धरतां येत नाहीं.

गेल विवरांतील एका भुकटीच्या फेरतपासणींत दहा, अकरा व बारा कर्बांच्या लांब साखळीचे सेंद्रिय पदार्थ मिळाल्याचें २०२५ च्या मार्चमध्यें जाहीर झालें. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत पर्सिव्हिअरन्स या दुसऱ्या गाडीनें पाहिलेल्या एका गाळाच्या खडकाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्यावर लोह-स्फुरदाचें व्हिव्हियनाइट आणि लोह-गंधकाचें ग्रेगाइट यांचे बारीक ठिपके आहेत. पृथ्वीवर व्हिव्हियनाइट बहुधा पाणथळ जागीं, कुजणाऱ्या सेंद्रिय द्रव्याच्या सान्निध्यांत, जंतूंच्या कार्यानें बनतें. पण जंतूंवांचूनहि बनूं शकतें. त्या खडकाचा नमुना जुलै २०२४ मध्यें कोरून नळींत बंद करून ठेवला असून तो अद्यापि पृथ्वीवर आलेला नाहीं.