पडद्यावरच्या ‘झिरो’चं पुढे काय झालं?

अमेरिकेतल्या विमान-मेळ्यांत आजही पंखांवर लाल गोळा रंगवलेली विमानं थव्यानं येतात. जमिनीवर स्फोट होतात, काळा धूर उठतो आणि ७ डिसेंबर १९४१ च्या पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याची हकिगत ध्वनिक्षेपकावरून सांगितली जाते. ही विमानं युद्धात जपानकडून हस्तगत केलेली असावीत, असं बघणाऱ्याला सहज वाटतं. प्रत्यक्षात त्यांतलं एकही जपानमध्ये बनलेलं नाही. ती उत्तर अमेरिकेत बांधलेली प्रशिक्षण-विमानं आहेत आणि त्यांतल्या अनेकांचं जपानी रूप १९७० साली प्रदर्शित झालेल्या ‘तोरा! तोरा! तोरा!’ या चित्रपटासाठी घडवलं गेलं होतं. चित्रपटांसाठी असा कायापालट केलेल्या विमानांचा माग काढणारे अभ्यासक जगभर आहेत आणि त्यांचा निम्मा वेळ गैरसमज दूर करण्यातच जातो.

पहिला प्रश्न असा, की निर्मात्यांनी खरी विमानं का वापरली नाहीत? जपानने दहा हजारांहून जास्त ‘झिरो’ लढाऊ विमानं बांधली होती. पण शरणागतीनंतर दोस्त राष्ट्रांच्या हुकमानं जपानमधली उरलीसुरली लष्करी विमानं मोडून, जाळून टाकली गेली. हल्ल्यात झिरोच्या बरोबरीने असलेली ‘व्हॅल’ ही सूर मारून बाँब टाकणारी विमानं आणि ‘केट’ ही पाणतीर सोडणारी विमानं यांतलं तर उडण्याजोगं एकही शिल्लक नव्हतं, आजही नाही. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सला मात्र पडद्यावर सगळा ताफा हवा होता.

मग हाताशी होतं त्यातून काम भागवलं गेलं. झिरोसाठी निवड झाली हार्वर्डची. अमेरिकेत ‘टेक्सन’ म्हणून ओळखलं जाणारं हे दोन आसनी प्रशिक्षण-विमान पंधरा हजारांहून अधिक संख्येनं बांधलं गेलं होतं. भारतीय हवाई दलाच्या जुन्या पिढीतले वैमानिकही हार्वर्डवरच शिकले. त्याची मागची बैठक झाकून, कॉकपिटवरचं छत बदलून आणि पंखांच्या टोकांना नवा आकार देऊन ‘झिरो’ तयार झालं. व्हॅलसाठी व्हल्टी कंपनीचं बीटी-१३ घेतलं, कारण त्याची चाकंही व्हॅलसारखीच पोटात न ओढली जाणारी होती. त्यांवर मोठी आवरणं चढवली आणि शेपटी बदलली. केट सगळ्यांत अवघड, कारण खरं केट तीन आसनी आणि लांबीला जास्त. तिथे हार्वर्डचा पुढचा भाग आणि बीटी-१३ ची शेपटी असा सांधा जुळवून धड लांबवलं गेलं. अशी तीसेक विमानं तयार झाली आणि अमेरिकी नौदलाच्या ‘यॉर्कटाउन’ या विमानवाहू जहाजावरून त्यांनी चित्रीकरणासाठी खरोखर उड्डाणं केली.

गैरसमज : ही हुबेहूब प्रतिकृती आहेत.

हुबेहूब मुळीच नाहीत, पण चार सेकंदांच्या दृश्यात डोळा फसावा इतकी चांगली नक्की आहेत. जाणकाराला पंख बघताच कळतं. हार्वर्डच्या पंखाची पुढची कड मागे झुकलेली असते आणि मागची कड जवळजवळ सरळ असते. झिरोच्या पंखाची ठेवण तशी नाही. नाकाडातल्या इंजिनात हार्वर्डला एकाच वर्तुळात नऊ सिलिंडर, तर झिरोच्या ‘साकाए’ इंजिनात दोन रांगांत मिळून चौदा. कानही खोटं बोलत नाही. हार्वर्डच्या पंख्याची टोकं उड्डाणाच्या वेळी ध्वनीच्या वेगापर्यंत पोहोचतात, त्यातून एक कर्कश, फाटका आवाज निघतो आणि तो एकदा ऐकला की विसरत नाही. मूळ साकाए इंजिनासह उडणारं झिरो बघायचं असेल तर कॅलिफोर्नियातल्या चिनो इथल्या ‘प्लेन्स ऑफ फेम’ संग्रहालयाकडेच जावं लागतं. त्यांचं झिरो १९४४ मध्ये सायपान बेटावर अमेरिकनांच्या हाती लागलं होतं.

याला जोडूनच दुसरी समजूत येते : जपानी नसली तरी ही विमानं महायुद्धात तर होतीच. काही होती, प्रशिक्षणाच्या कामात. पण चित्रपटासाठी घेतलेले अनेक हार्वर्ड हे ‘मार्क ४’ जातीचे, म्हणजे कॅनडातल्या फोर्ट विल्यमच्या कारखान्यात १९५० च्या दशकात बांधलेले. पर्ल हार्बरवर झेपावणारं पडद्यावरचं ‘झिरो’ हल्ल्यानंतर जवळपास दहा वर्षांनी जन्मलेलं असू शकतं, ते असं.

गैरसमज : चित्रीकरणातच ती जाळून टाकली गेली.

ही समजूत सगळ्यांत चिवट आहे. तिला आधार देणारी जुनी उदाहरणंही आहेत. हॉवर्ड ह्यूजच्या ‘हेल्स एंजल्स’ (१९३०) मध्ये इगॉर सिकोर्स्कीने अमेरिकेत आल्यावर बांधलेलं पहिलं विमान जर्मन बाँबफेकी म्हणून रंगवून उडवलं गेलं. १९२९ मध्ये चित्रीकरणातच ते कोसळलं आणि आतल्या मेकॅनिकचा जीव गेला. ‘तोरा’च्या वेळीही एका वैमानिकाला प्राण गमवावे लागले. पण आगीच्या लोळात फुटताना दिसणारी विमानं उडण्याजोगी नव्हतीच, ते जमिनीवरच राहणारे सांगाडे होते. त्यांतलं एक पी-४० धावपट्टीवर अनपेक्षितपणे वळून बाकीच्यांवर जाऊन आदळलं. त्या दृश्यात पळणारी माणसं अभिनय करत नाहीत, ती खरोखर जीव घेऊन पळत आहेत.

उडणारी विमानं महाग होती. चित्रीकरण आटोपल्यावर ती विकली गेली, हा साधा व्यवहार. काही टेक्ससमधल्या कॉन्फेडरेट एअर फोर्स या हौशी वैमानिकांच्या संस्थेकडे गेली आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यांचा ‘तोरा’ नावाचाच हवाई खेळ सुरू झाला. ती संस्था आता कॉमेमोरेटिव्ह एअर फोर्स या नावानं चालते. काही विमानं दूरचित्रवाणीच्या ‘बा बा ब्लॅक शीप’ या मालिकेत जपानी बनून पुन्हा उडाली. ‘द फायनल काउंटडाउन’ (१९८०) मध्ये एफ-१४ जेट विमानांसमोर आलेली ‘झिरो’ त्याच कुळातली. जेटच्या वैमानिकांना त्यांच्या मागे राहण्यासाठी वेग धोकादायक म्हणावा इतका कमी करावा लागला. आणि काही हार्वर्डांवरचा जपानी साज नव्या मालकांनी उतरवून त्यांना पुन्हा हार्वर्ड केलं. हा शेवटचा गट शोधणं सर्वांत कठीण, कारण एखाद्या उड्डाण-क्लबात पिवळ्या रंगात उभं असलेलं विमान कधीकाळी ‘शत्रू’ होतं, हे त्याच्याकडे बघून कुणालाच कळत नाही.

इथेच माग काढणाऱ्याची खरी कसोटी लागते. नवशिका संशोधक विमानाचा रंग आणि शेपटीवरचा क्रमांक टिपतो. पण ‘आकागी’ या जपानी विमानवाहू जहाजाची खूण असलेली ‘एआय’ ही अक्षरं आज या विमानावर, उद्या त्या विमानावर चढवली जातात. कमी विमानं जास्त भासावीत म्हणून चित्रपटवाले दोन दृश्यांच्या मध्ये क्रमांक बदलतात, ही तर नेहमीची रीत. विश्वास ठेवायचा तो कारखान्याच्या क्रमांकाच्या पाटीवर, मूळ हवाई दलाच्या क्रमांकावर, नागरी नोंदणीवर आणि देखभालीच्या वह्यांवर. नोंदणी देश बदलला की बदलते, पाटी सहसा टिकते. दोन विमानांचे भाग जोडलेल्या केटच्या बाबतीत मात्र कागदावर एकाच विमानाचं नाव राहतं. दुसऱ्याची शेपटी उडत राहते, नोंद मात्र मिटते.

पडद्यावरच्या दृश्यांवर भिस्त ठेवणाराही असाच फसतो. ‘मिडवे’ (१९७६) मध्ये ‘तोरा’तली विमानं दिसतात, म्हणून ती १९७६ मध्ये तिथे उडाली, असं नव्हे. जुन्या चित्रपटातली दृश्यंच कापून तिथे चिकटवली होती. पडद्यावर दिसणं हा विमान अस्तित्वात असल्याचा पुरावा धरता येत नाही.

अटलांटिकच्या पलीकडे ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ (१९६९) ची गोष्ट वेगळी, आणि कायापालटाच्या दृष्टीनं अधिक चमत्कारिक. तिथे जर्मन मेसरश्मिट म्हणून उडाली ती स्पेनमध्ये परवान्यानं बांधलेली ‘बुचोन’. धड मेसरश्मिटचं, इंजिन रोल्स-रॉइसचं मर्लिन. म्हणजे स्पिटफायर आणि तिचा पाठलाग करणारा ‘जर्मन’, दोघांच्या नाकात एकाच घराण्याचं इंग्रजी इंजिन. सुरुवातीच्या काळातल्या मेसरश्मिटसारखी दिसावीत म्हणून त्यांच्या पंखांची टोकं चौकोनी केली, शेपटीला खोटे टेकू दिले, खोट्या तोफा बसवल्या. चित्रीकरणासाठी त्यांना ब्रिटिश नागरी नोंदणी मिळाली आणि ती एकापाठोपाठ एक अशा अक्षरक्रमात असल्यानं या ताफ्याचा माग तुलनेनं सोपा आहे. त्यांतली काही विमानं एका अमेरिकन वैमानिकानं मानधनाच्या बदल्यात घेतली आणि टेक्ससमधल्या बिग स्प्रिंग गावी आपल्या हँगरमध्ये कितीतरी दशकं ठेवून दिली. ती पुढे विकली गेली, दुरुस्त झाली. ‘मेंफिस बेल’ (१९९०) मध्ये बुचोन पुन्हा जर्मन बनली आणि ‘डंकर्क’ (२०१७) मध्येही पिवळ्या नाकाचं बुचोनच ब्रिटिशांवर झडप घालतं.

राहिला शेवटचा आणि सर्वांत नुकसानकारक गैरसमज : बनावट विमानाला मोल नाही, जपायचं तर खरंच जपावं. ‘मेंफिस बेल’च्या चित्रीकरणात १९८९ मध्ये एक अस्सल बी-१७ उड्डाण घेताना धावपट्टीवरून भरकटलं आणि जळून गेलं, आतले सगळे वाचले, विमान गेलं. हाइंकेल बाँबफेकीचं स्पॅनिश भावंड असलेलं, त्या जातीतलं उडू शकणारं शेवटचं विमान २००३ मध्ये वायोमिंगमध्ये कोसळलं आणि त्यातले दोघे दगावले. ज्याची दुसरी प्रत उरलेली नाही, असं विमान स्फोटांच्या दृश्यात उतरवणं म्हणजे इतिहासाशीच जुगार खेळणं. तिथे एक हार्वर्ड वापरलं, तर एक खरं झिरो वाचतं.

शिवाय हार्वर्डला स्वतःचाही इतिहास आहे. ज्या विमानानं दोन-तीन देशांचे वैमानिक घडवले, नंतर चित्रपटात शत्रूची भूमिका केली आणि पुढे पन्नास वर्षं मेळ्यांत उडत राहिलं, त्याच्या फलकावर फक्त ‘झिरोची प्रतिकृती’ एवढंच लिहिणं अपुरं आहे. कारखान्याचं नाव, बांधणीचं वर्ष, हवाई दलाचा मूळ क्रमांक आणि कायापालट कोणत्या चित्रपटासाठी झाला, या चार ओळी प्रत्येक संग्रहालयाने आणि मालकाने अशा विमानाशेजारी लावायलाच हव्यात.