तामड्याची वाळू

विदर्भातील वणी परिसरात ‘ब्लास्टिंग’ म्हटले की उघड्या कोळसा खाणीतला सुरुंग आठवतो; परंतु खाणीतील यंत्रे, कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यांचे सांगाडे, टाक्या आणि पूल रंगवण्याच्या धंद्यात या शब्दाचा अर्थ निराळा असून, दाबाखालील हवेच्या झोताबरोबर कठीण कण लोखंडावर वेगाने मारून त्यावरील गंज, जुना रंग आणि मिल स्केल उडवून लावणे, असा तो आहे. मिल स्केल म्हणजे तापलेले पोलाद लाटताना त्यावर बसणारा निळसर काळा पापुद्रा. तो वरून घट्ट दिसतो, पण कालांतराने सुटतो, आणि सुटताना त्यावरचा महागडा रंगही सोबत नेतो. रंग अकाली सोलला की दोष बहुधा रंगाच्या डब्याला दिला जातो, मात्र खोट अनेकदा त्याखालच्या लोखंडाच्या तयारीत असते.

ही तयारी दोन अंगांची असते. एक स्वच्छतेची, जिची प्रत आंतरराष्ट्रीय मानकांत ठरलेली आहे आणि ज्यातील ‘एसए अडीच’ ही पायरी, म्हणजे फक्त पुसट डाग उरावेत इतकी सफाई, औद्योगिक कामात सर्वाधिक मागितली जाते. दुसरे अंग खडबडीतपणाचे. कणांच्या माऱ्याने पृष्ठभागावर सूक्ष्म डोंगर-दऱ्या उठतात आणि प्रायमर त्यांत रुतून बसतो. अनेक कामांत त्यांची उंची 50 ते 75 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागापासून तेराव्या भागापर्यंत, असावी लागते.

अमेरिकेतील बेंजामिन टिल्घमन यांनी 1870 मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले तेव्हा कण होते साध्या वाळूचे, आणि ‘सँड ब्लास्टिंग’ हे नाव तेव्हापासून चिकटले ते वाळू मागे पडल्यावरही सुटलेले नाही. वाळू स्वस्त असली तरी तिच्यातील क्वार्ट्झ म्हणजे मुक्त सिलिका होय. लोखंडावर आपटून कण फुटतात, डोळ्यांना न दिसणारी धूळ श्वासातून फुफ्फुसांच्या तळापर्यंत पोहोचते, आणि तिथे चट्टे पडून फुफ्फुस हळूहळू ताठरते. हाच सिलिकोसिस. तो बरा होत नाही, आणि धुळीचे काम सोडल्यावरही वाढत राहू शकतो. ब्रिटनने ओतीव वस्तू अशा रीतीने साफ करण्यासाठी वाळू वापरण्यावर विसाव्या शतकाच्या मध्यालाच बंदी घातली. भारतात कारखाना अधिनियम, 1948 मधील अधिसूचित रोगांच्या यादीत सिलिकोसिसचा समावेश होता. खाणकामगारांच्या वस्त्यांना धुळीने होणारे छातीचे विकार नवे नाहीत, म्हणून ही बाब वणीसारख्या गावात वेगळी समजावून सांगावी लागू नये.

वाळूची जागा घेणाऱ्या पदार्थांपैकी गार्नेट हे नैसर्गिक खनिज आहे. रत्नांच्या बाजारात त्याच्या तांबड्या खड्याला तामडा म्हणतात, आणि नवरत्नांतील गोमेदही याच कुळातला. गार्नेटमध्येही सिलिका असतेच. फरक इतकाच की ब्लास्टिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या अल्मंडाइन प्रकारात ती लोह आणि ॲल्युमिनियम यांच्याशी स्फटिकात जखडलेली असते, मोकळी नसते. कठीणपणाच्या मोजपट्टीवर गार्नेट वाळूच्या जवळपासच, म्हणजे सातच्या आगेमागे आहे. पण त्याची घनता सुमारे 4, तर क्वार्ट्झची 2.65, त्यामुळे तेवढ्याच आकाराचा कण अधिक जोराने आदळतो. त्याला ठरावीक पातळीवर चिरण्याची सवय नसल्याने तो सहज पीठ होत नाही, आणि चाळून, धूळ काढून पुन्हा अनेकदा वापरता येतो. पोत्यामागे तो वाळूहून पुष्कळ महाग पडतो. हिशेब चौरस मीटरमागे केला तर चित्र बदलते. तरीही धूळ शून्य होत नाही, आणि जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून बाहेरून हवा पुरवणारे शिरस्त्राण गार्नेट वापरतानाही सुटत नाही.

भारतात हे खनिज मुख्यतः तमिळनाडू, केरळ, ओडिशा आणि आंध्र प्रदेशच्या किनाऱ्यांवरील वाळूत मिळते. लाटा हलकी वाळू वाहून नेतात, जड कण मागे राहतात. त्यांतून इल्मेनाइट, झिरकॉन आणि गार्नेट ही खनिजे चुंबक व विजेच्या साहाय्याने वेगळी काढली जातात. त्याच वाळूत थोरियमयुक्त मोनाझाइट असल्याने खाणकामाचा प्रश्न अणुऊर्जेशी जोडला जातो. तमिळनाडू सरकारने 2013 मध्ये किनारी गार्नेटचे खाणकाम थांबवले आणि 2019 मध्ये केंद्राने नियम कडक केल्यावर खासगी खाणकामाचा मार्ग जवळजवळ बंद झाला. पूर्वी इंडियन रेअर अर्थ्स नावाने ओळखली जाणारी सरकारी कंपनी मात्र ओडिशातील छत्रपूर आणि तमिळनाडूतील मनवलकुरिची येथे हे काम करत आली आहे.

ओडिशाच्या किनाऱ्यावरील गार्नेटचा मोठा भाग पूर्व घाटातील खोंडालाइट खडकांच्या झिजेतून आला, आणि त्या खडकाला नाव मिळाले ते तिथल्या खोंड आदिवासींवरून. विदर्भातही गार्नेट आहे, तेही अशाच नावाच्या खडकात: नागपूर-भंडारा पट्ट्यातील मँगनीजच्या खाणींभोवती सापडणाऱ्या खडकाला भूवैज्ञानिक लुईस फर्मोर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी गोंडांवरून ‘गोंडाइट’ म्हटले. त्यात मँगनीजयुक्त गार्नेट विपुल आहे. अडचण एवढीच की लाटांनी सुटे केलेले ते कण नव्हेत; ते कठीण खडकात क्वार्ट्झशी गुंतलेले आहेत, आणि क्वार्ट्झ म्हणजे पुन्हा तीच मुक्त सिलिका.