विषचिकित्सेतील स्नेह : एक आधुनिक प्रत्यय

चरकसंहितेतील विषाच्या चोवीस उपक्रमांत हृदयावरण आहे व त्याच्या द्रव्यांत घृतही आहे, हे आपण जाणतोच. शिकागोच्या डॉ. गाय वाइनबर्ग यांनी १९९८ मध्ये उंदरांवर दाखविले की, बुपिव्हाकेन या बधिरीकरणाच्या औषधाच्या अतिमात्रेने थांबलेले हृदय शिरेतून मेदाचे इमल्शन दिल्यास सावरू शकते. २००६ मध्ये न्यूयॉर्कमधील एका रुग्णाचे प्राण याच उपायाने वाचले. सोयाबीन तेलाचे हे २० टक्के इमल्शन स्नेहविद्राव्य औषध स्वतःत ओढून हृदयापासून दूर नेते. हे साम्य आम्हांस सुखावते. तथापि मुखावाटे दिलेले घृत हे कार्य करीत नाही. म्हणून अतिमात्रेच्या बेशुद्ध रुग्णास काहीही न पाजता तत्काळ रुग्णालयात पाठवावे, अशी वैद्यबंधुभगिनींस आमची विनंती आहे.