हाती वापरायच्या भेटवस्तूंवरील छपाई : नाव टिकेल असे कसे छापावे?

बँका, पतसंस्था, विमा एजंट, व्यायामशाळा आणि दवाखाने आपल्या नावाच्या प्रचारासाठी पूर्वी कॅलेंडर, पेन आणि किल्ल्यांचे छल्ले वाटत. आता त्यांच्याकडून हातात दाबायचा मऊ चेंडू, अॅक्युप्रेशरचा लाकडी रोलर, तळहाताचा मसाजर, बोटांच्या व्यायामाची रबरी कडी अशा वस्तूंचीही मागणी येते. मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटसारख्या घाऊक बाजारातून कोरा माल आणावा, त्यावर गिऱ्हाइकाचे बोधचिन्ह छापून द्यावे, असा हा धंदा. भांडवल थोडे लागते आणि एका खोलीतही काम होते. म्हणून आमच्या अनेक कारागीर बांधवांचे लक्ष याकडे वळले आहे. परंतु या कामात एक खोच आहे. ती न समजल्यामुळे आम्ही स्वतः नुकसान सोसले आहे, म्हणून हा लेख.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी एका कंपनीची २ हजार प्लॅस्टिक रोलरांची ऑर्डर आम्ही घेतली. माल देणाऱ्याने प्लॅस्टिक एबीएस असल्याचे सांगितले. आम्ही त्याच्या शब्दावर विसंबून नेहमीच्या शाईने छपाई केली. छपाई देखणी झाली, माल वेळेवर पोचला. आठ दिवसांनी कंपनीचा निरोप आला की, नाव लोकांच्या हाताला लागून निघत आहे. सगळा माल परत आला आणि नफा तर सोडाच, मुद्दलही गेले.

तेव्हा आमच्याकडील एका वयस्क कारागीर चाचांनी रोलरचा तुकडा कापून पाण्याच्या बादलीत टाकला. तो तरंगला. चाचा म्हणाले, "शेठ, हे एबीएस नव्हे. हे आधी करायला हवे होते." ते प्लॅस्टिक पॉलिप्रॉपिलीन होते.

कॅलेंडर भिंतीवर टांगले जाते, त्याला कोणी चोळत नाही. हाती वापरायची वस्तू मात्र रोज दाबली व घासली जाते. तिला घाम, खोबरेल तेल आणि सॅनिटायझर लागते. म्हणून येथे छपाई दिसते कशी यापेक्षा ती टिकते कशी, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

आधी वस्तू ओळखा

पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिन पाण्यापेक्षा हलके असल्याने तरंगतात, एबीएस बुडते. तुकडा भरीव घ्यावा. पोकळ वस्तू कोणतीही तरंगेल. वस्तूच्या तळाशी त्रिकोणात आकडा असेल तर तोही पाहावा : ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, २ व ४ म्हणजे पॉलिथिन, ३ म्हणजे पीव्हीसी.

एबीएसवर योग्य शाई चांगली बसते. पॉलिप्रॉपिलीनचा पृष्ठभाग मात्र मेणासारखा असून शाईला धरत नाही. त्यावर आधी खास प्रायमर लावावा किंवा निळ्या ज्योतीची झटपट आच द्यावी. आच नीट बसली की पाण्याचा थेंब गोळा न होता पसरतो. हा परिणाम हळूहळू उतरतो, म्हणून आच दिल्यावर छपाई लगेच उरकावी.

मऊ चेंडू बहुधा पॉलियुरेथेन फोमचा असतो. त्यावर कडक होणारी शाई वापरली तर चेंडू दाबताच तिला तडे जातात; म्हणून लवचीक शाईच हवी. सिलिकॉनच्या कड्यांवर सिलिकॉनचीच शाई लागते आणि ती उष्णतेने पक्की करावी लागते. दुसरी शाई कितीही महाग आणली तरी ती सोलून निघते.

कोणत्या वस्तूला कोणती पद्धत

सपाट वस्तूला स्क्रीन छपाई पुरते. गोल किंवा उंचसखल वस्तूला पॅड छपाई बरी. यात धातूच्या किंवा पॉलिमरच्या पट्टीवर बोधचिन्ह सुमारे २५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाइतके, खोल कोरतात. त्यात शाई भरतात आणि सिलिकॉनचा मऊ ठोकळा ती उचलून वस्तूवर टेकवतो. ठोकळा वळणावर पसरतो, म्हणून कडेची अक्षरे ताणली जातात. चेंडूचा व्यास ७ सें.मी. असेल तर चिन्ह ३ ते साडेतीन सें.मी.हून मोठे घेऊ नये. गडद वस्तूवर पांढरी शाई बहुधा दोनदा मारावी लागते.

आपल्या लिप्यांसाठी आणखी एक काळजी घ्यावी. मराठीतील अनुस्वार, रफार, उकार आणि उर्दूतील नुक्ते बारीक अक्षरात शाईने भरून जातात. नावातला एक नुक्ता गेला तर नावच बदलते. गिऱ्हाईक "सगळा पत्ता बसवा" असा आग्रह धरील. त्याला नाव आणि फोन नंबर एवढेच पुरे, असे समजावून सांगावे.

लाकडी रोलरावर तेलाचा हात लागणारच. तेथे शाईपेक्षा लेसरने कोरलेले नाव उत्तम, कारण घासून जायला शाईच नसते. फिकट लाकडावर ते उठून दिसते, गडद शिसमावर कमी. मात्र पीव्हीसीची वस्तू लेसरखाली कधीही ठेवू नये. त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा विषारी वायू निघतो. तो फुप्फुसाला घातक असून यंत्रालाही गंज चढवतो. शाई आणि थिनरची वाफही घातकच, म्हणून खिडकी उघडी व हातमोजे घातलेले असावेत.

माल देण्यापूर्वी चार कसोट्या

हार्डनर मिसळलेली शाई तासाभरात कोरडी दिसते, पण पुरती पक्की व्हायला साधारण पाच-सहा दिवस घेते. तेवढी मुदत ऑर्डर घेतानाच मागावी. हार्डनर मिसळलेली शाई काही तासांनी निकामी होते, म्हणून लागेल तेवढीच कालवावी. नमुना पक्का झाल्यावर :

१) नखाने जोराने खरवडावे.
२) ब्लेडने बारीक चौकट्या पाडून सेलोटेप चिकटवावी व झटक्यात ओढावी.
३) खोबरेल तेलाच्या व मिठाच्या पाण्याच्या फडक्याने पन्नास-पन्नास वेळा घासावे.
४) सॅनिटायझरने पुसावे.

यातून उतरलेल्या नमुन्यावर गिऱ्हाइकाची सही घ्यावी आणि तसाच एक नमुना आपल्याकडे ठेवावा. मगच पुढील माल छापावा.

हिशेब आणि कायदा

पट्टी व जुळवणी यांचा खर्च दर रंगाला एकदाच येतो. समजा तो ६०० रुपये आला, तर १०० नगांवर नगामागे ६ रुपये पडतात आणि २ हजार नगांवर केवळ ३० पैसे. म्हणून लहान ऑर्डरीत हा खर्च वेगळा मांडावा, दरात लपवू नये.

औषध कंपन्यांच्या भरवशावर माल भरून ठेवू नये. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या आचारसंहितेनुसार डॉक्टरांना वैयक्तिक भेटवस्तू देता येत नाहीत. माहितीपर व शैक्षणिक वस्तूंनाच मुभा आहे, तीही प्रत्येकी १ हजार रुपयांपर्यंत.

वस्तूवर काय छापतो, याचीही जबाबदारी आपल्यावर येऊ शकते. "मधुमेह बरा होतो", "रक्तदाब जातो" असा मजकूर कोणी दिला तर नकार द्यावा. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने अशा जाहिरातींना बंदी आहे आणि वस्तूवरील लेबलही जाहिरातीतच मोडते. तसेच कंपनीचे चिन्ह छापण्यापूर्वी तिचे लेखी पत्र घ्यावे. दुसऱ्याचे व्यापारचिन्ह खोटेपणाने वापरल्यास १९९९ च्या कायद्यात सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे.

आम्ही आता बिलावर वस्तूचा प्रकार आणि शाईचे नाव लिहून देतो. पॉलिप्रॉपिलीनला पॉलिप्रॉपिलीनच म्हणतो आणि प्रायमरचा खर्च उघड सांगतो. काही गिऱ्हाइके दर ऐकून निघून जातात. जी राहतात, ती पुढच्या वर्षी पुन्हा येतात. नवीन बांधवांनी मोठी ऑर्डर घेण्याआधी बाजारातून पाच-सहा प्रकारच्या वस्तू आणून त्या पाण्यात टाकून पाहाव्यात, छापाव्यात आणि आठवडाभर घरात वापरायला द्याव्यात. यात शे-दोनशे रुपये जातील, पण २ हजार नग परत येण्याची पाळी टळेल.