होनाचे माहेर

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या तबकात एक होन असे. वडील आपल्या संस्थानच्या दरबारी गवयी. मी त्यांना उतारवयात झालो. होन त्यांच्या आजोबांपासून घरात होता. वडिलांमागे आईने तो मोडला आणि त्या पैशांवर मला गाणे शिकावयास धारवाडास धाडले. आज मी तेथेच गाणे शिकवितो.

एका कानडी शिष्येच्या आजीला ही हकीकत मी अंमळ अभिमानानेच सांगितली. होन म्हणजे शिवरायांचे नाणे! अज्जी हसल्या. "मास्तर, नाणं तुमचं खरं, पण आमच्यात 'होन्नु' म्हणजे सोनंच की!"

तेव्हापासून हा शब्द मी पुस्तकांतून धुंडाळला. जुन्या कानडीत सोन्याला 'पोन्' म्हणत. तमिळात आजही तोच शब्द आहे. पुढे कानडीत शब्दारंभीच्या 'प'चा 'ह' झाला आणि 'पोन्'चे 'होन्नु' झाले. संस्कृत 'पण'ही त्याच वाटेने जाऊन 'हण' झाला. कानडीत हण म्हणजे पैसा. 'होन्नु' हे सोन्याचे नाव तसेच सोन्याच्या नाण्याचेही. विजयनगरच्या ज्या नाण्याला वराह म्हणत, तोही होनच. युरोपीय व्यापारी त्यालाच पॅगोडा म्हणत.

१६७४ साली राज्याभिषेकसमयी महाराजांनी सोन्याचे नाणे पाडले, ते मोगली मोहरेच्या घाटाचे नव्हे. दक्षिणेतल्या या होनाच्या घाटाचे. वजन तीन ग्रॅमहून किंचित कमी. एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसरीस 'छत्रपति'. अक्षरे नागरी, मुद्रा मराठी आणि नाव कानडी! सभासदाच्या बखरीत खजिन्यातील नाण्यांची यादी आहे. तीत शिवराई होनाच्या पंक्तीला देवराई आहे, अच्युतराई आहे, आणि धारवाडी होनही आहे.

१८१८ साली कंपनीने मद्रास इलाख्यात रुपया हेच प्रमाण नाणे ठरविले आणि होन व्यवहारातून उठत गेला. मराठीत तो बखरीपुरता आणि देव्हाऱ्यापुरता उरला. धारवाडच्या घराघरांत मात्र 'होन्नु' अजून बोलण्यात आहे.

आईच्या मनाला तो होन मोडल्याची रुखरुख कायम होती. गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा हे सारे तिला सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मग मोडला कुठे रे? माहेरी गेला म्हण."